हेवीवेटचा एकच विजय मोजायचा झाला तर कुणाचा सगळ्यात मोठा?

शहापूरकर

आपल्याकडं पैलवानाची ओळख करून घेताना 'किती कुस्त्या मारल्या' असं कुणी विचारत नाही, 'कुणाला पाडलं' असं विचारतात. बॉक्सिंगचा विषय निघाला की मात्र सगळे आकडे काढून बसतात. मार्सियानो ४९-०, म्हणजे ४९ विजय आणि हार एकही नाही. होम्स ४८-० पर्यंत पोचला. जो लुईसनं २५ वेळा विजेतेपद राखलं. हे सगळं खरं आहे, पण आकड्यांत किरकोळ जोडही तेवढ्याच मापानं मोजले जातात.

म्हणून इथं वेगळी मांडणी करू. प्रत्येक हेवीवेटचा एकच विजय घ्यायचा, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा, आणि ते विजय एकमेकांशेजारी ठेवायचे. माझी अट एकच आहे. समोरचा त्या रात्री काय ताकदीचा होता ते बघायचं. त्याचं नाव आधी किती मोठं होतं आणि पुढं किती झालं, ते धरायचं नाही.

माझा पहिला क्रमांक मुहम्मद अलीच्या जॉर्ज फोरमनवरच्या विजयाला. ३० ऑक्टोबर १९७४, झाईरची राजधानी किन्शासा. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. ज्या फ्रेझरनं अलीला हरवलं होतं त्याला फोरमननं किंग्स्टनमध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली बसवलं. ज्या नॉर्टननं अलीचा जबडा मोडला त्याला कॅराकसमध्ये दुसऱ्या फेरीतच संपवलं. म्हणजे अलीला हरवलेल्या दोघांना मिळून त्यानं चार फेऱ्यासुद्धा पुऱ्या दिल्या नव्हत्या. अली ३२ चा, आणि त्याचे पाय १९६६ सारखे राहिले नव्हते.

या लढतीबद्दल एक अर्धवट समजूत सगळीकडं फिरते: अली दोराला टेकून मार खात राहिला, फोरमन दमला, मग अलीनं त्याला पाडलं. पहिली फेरी नीट बघा. अली जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) न टाकता थेट उजवा हात मारतोय. उजव्या हाताला लांबून यावं लागतं, त्यामुळं समोरच्याला तो दिसतो. चॅम्पियनसमोर असा ठोसा सहसा कुणी आधी काढत नाही. अलीनं तो पुन्हा पुन्हा मारला आणि लागला. दुसऱ्या फेरीपासून तो दोरावर गेला खरा, पण तिथूनही मिठीत आलेल्या फोरमनची मान खाली दाबणं आणि फेरीच्या शेवटी चेहऱ्यावर झटपट ठोसे मारणं चालूच होतं. आठव्या फेरीची दोन सेकंदं उरली असताना लढत संपली, तेव्हा तिन्ही जजांच्या गुणपत्रिकेवर अलीच पुढं होता. नुसता मार खाणारा माणूस गुणांवर पुढं नसतो.

दुसरा, फ्रेझरचा अलीवरचा, ८ मार्च १९७१. तिसरा, जो लुईसचा श्मेलिंगवरचा, १९३८. पुढचे तुम्ही सांगा. कारण द्या, नुसतं नाव नको.

निपाणीकर

अण्णा, टायसनचं नावच नाही यादीत? २७ जून १९८८, अटलांटिक सिटी. मायकेल स्पिंक्स ३१-०, एकदाही न हरलेला. लॅरी होम्सला पहिली हार दिलेला माणूस. ९१ सेकंदांत खेळ खलास. स्पिंक्स त्यानंतर कधी रिंगमध्ये उतरला नाही. एका विजयानं समोरच्याची कारकीर्दच संपली, याहून मोठं काय पाहिजे?

शहापूरकर

टायसन त्या रात्री जगातल्या कुठल्याही हेवीवेटला हरवू शकला असता, हे मी लिहून देतो. पण आपण टायसन किती मोठा ते मोजत नाही, तो विजय किती मोठा ते मोजतोय. स्पिंक्स मूळचा लाइट हेवीवेट. त्या वजनात तो थोर होता. वर येऊन त्यानं १९८५ मध्ये होम्सला गुणांवर हरवलं, तेव्हा होम्स ३५ चा होता. टायसनसमोर तो उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते सगळ्यांनी बघितलंय. टायसनची अडचणच ही आहे की त्याच्या ऐन भरात त्याला त्याच्या तोडीचा जोड मिळालाच नाही. होम्सला त्यानं १९८८ च्याच जानेवारीत चौथ्या फेरीत पाडलं, पण तोवर होम्स ३८ चा झाला होता.

सुभेदार_निवृत्त

शहापूरकर, तुम्ही लुईस-श्मेलिंग तिसऱ्यावर ठेवून एका ओळीत सोडलंत. त्यावर जरा लिहितो.

१९३६ च्या जूनमध्ये श्मेलिंगनं लुईसला बाराव्या फेरीत पाडलं. ते नशिबानं घडलं नव्हतं. त्यानं लुईसच्या लढतींच्या फिल्म बघून एक गोष्ट हेरली होती. जॅब मारून झाल्यावर लुईसचा डावा हात खाली यायचा. त्या जागेतून श्मेलिंगचा उजवा हात सबंध लढतभर आत येत राहिला. त्यानंतर लुईस १९३७ मध्ये चॅम्पियन झाला, पण ज्यानं आपल्याला पाडलंय तो अजून उभा आहे, हे त्याला आणि साऱ्या जगाला माहीत होतं.

२२ जून १९३८ ला यांकी स्टेडियममध्ये साधारण ७० हजार लोक. जर्मनीत हिटलर. अमेरिकेत काळ्या माणसाला कित्येक हॉटेलांत दार बंद, आणि त्याच अमेरिकेची सगळी भिस्त त्या रात्री एका काळ्या माणसावर. दोन मिनिटं चार सेकंदं. श्मेलिंग तीनदा खाली गेला. पाठीच्या मणक्याला इजा झाली म्हणून त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे लुईसनं तो डावा हात या वेळी खाली येऊच दिला नाही. स्वतःतला दोष शोधून, तो काढून, त्याच माणसासमोर उभं राहून जिंकणं. फौजेच्या मराठा सेंटरमध्ये बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांना मी हीच लढत बघायला सांगतो. ताकद दाखवायला नाही, डावा हात बघायला.

आणि श्मेलिंगबद्दलही एक सांगितलं पाहिजे. त्याला नाझींचा माणूस म्हणून उभं केलं गेलं, पण तो पक्षात गेला नाही आणि त्यानं आपला ज्यू मॅनेजर सोडला नाही. पुढं तो आणि लुईस मित्र झाले.

माझ्या मते हा पहिल्या क्रमांकाचा विजय.

अश्विनी_खानापूर

सुभेदारसाहेब, वाचून बरं वाटलं. पण शहापूरकर अण्णांच्या अटीवर घासून बघितलं तर श्मेलिंग त्या रात्री ३२ वर्षांचा होता, आणि १९३६ पेक्षा सरस नक्कीच नव्हता. त्या लढतीवर जगाचा भार होता म्हणून ती मोठी वाटते. रिंगच्या आतला विजय म्हणून ती अली-फोरमनच्या खालीच येते.

मला वेगळ्याच लढतीबद्दल बोलायचंय. ९ जून १९७८, लॅरी होम्स विरुद्ध केन नॉर्टन. होम्सचं नाव काढलं की लोक त्याच्या ४८-० वर येतात, नाहीतर १९८० मध्ये त्यानं म्हाताऱ्या अलीला कसं मारलं त्यावर. ही लढत कुणी काढत नाही. १५ फेऱ्या. १४ फेऱ्या झाल्यावर तिन्ही जजांकडं बरोबरी. शेवटची फेरी जो घेईल तो चॅम्पियन. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताला दुखापत झालेली, आणि त्याचं सगळं बॉक्सिंग त्या डाव्या जॅबवर उभं. तरी पंधराव्या फेरीत दोघंही मागं सरले नाहीत. निकाल दोन जजांकडं १४३-१४२ होम्स, तिसऱ्याकडं १४३-१४२ नॉर्टन. एका गुणाची लढत.

नॉर्टन हा अलीला तीन वेळा अवघड गेलेला माणूस. १९७६ ची तिसरी लढत नॉर्टननंच जिंकली होती असं मानणारे आजही खूप आहेत. तो भरात असताना, दुखऱ्या हातानं, शेवटच्या तीन मिनिटांत जिंकणं. मी हा विजय चौथ्यावर ठेवते, आणि त्याला वर ओढायची माझी तयारी आहे.

शहापूरकर

अश्विनीताई, होम्सचा हा विजय तिसऱ्याला शोभणारा आहे. लुईसशी त्याची तुलना अवघड जाते, कारण एक ऐनवेळी ताणून जिंकलेली लढत आणि दुसरी दोन मिनिटांत निकाली. येळ्ळूरच्या मैदानात अर्धा तास चाललेली कुस्तीही लोक लक्षात ठेवतात आणि पहिल्याच पकडीत मारलेलीही. दोन्हींत वरखाली लावणं जड आहे.

कंग्राळीचा_पोरगा

सगळे जुनेच का काढताय? उसिक बघा की. २०१८ मध्ये क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालच्या वजनाचे) सगळे पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांची विजेतेपदं, जमवले, तेही मॉस्कोत जाऊन. मग वर आला. २०२१ मध्ये लंडनमध्ये जोशुआला त्याच्याच लोकांसमोर हरवलं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरी. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन. फ्युरी तोवर एकदाही हरला नव्हता. मधल्या फेऱ्यांत फ्युरी त्याच्या पोटावर मारत होता, अप्परकट (खालून वर येणारा ठोसा) लावत होता, लढत हातातून चालली होती. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हातानं फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर धडकत गेला, रेफरीला मोजणी करावी लागली. लेनॉक्स लुईसनंतर २५ वर्षांनी हेवीवेटचे सगळे पट्टे एकाच माणसाकडं आले. डिसेंबरात पुन्हा लढून त्याच माणसाला पुन्हा हरवलं.

लाइव्ह बघितलेली लढत कमी आणि फिल्मवर बघितलेली मोठी, असं नसतंय.

सुभेदार_निवृत्त

बाळा, उसिकचा मुद्दा बरोबर आहे. लहान चणीच्या माणसानं मोठ्याला पायांच्या जोरावर हरवणं हे सगळ्यात अवघड काम. फ्युरीसारख्या लांब हाताच्या माणसासमोर डावखुरा उभा राहिला की पुढच्या पायाची जागा हा सगळा खेळ असतो. उसिक आपला पुढचा पाय सतत फ्युरीच्या पायाच्या बाहेर ठेवतो, त्यामुळं त्याचा डावा हात सरळ रेषेत जातो. ती लढत आवाज बंद करून फक्त पाय बघत बघ एकदा.

चिकोडी_एक्सप्रेस

टोकियो, ११ फेब्रुवारी १९९०. बस्टर डग्लस. सट्ट्यात त्याच्यावर ४२ ला १ असा भाव. टायसन ३७-०. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. आठव्या फेरीत स्वतः खाली गेला, उठला, दहाव्यात टायसनला पाडलं. यापेक्षा मोठा विजय कुठल्याच खेळात नाही. पहिला क्रमांक. विषय संपला.

शहापूरकर

विषय संपला नाही, भावा. :) सगळ्यात मोठा धक्का आणि सगळ्यात मोठा विजय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. भाव ४२ ला १ होता म्हणजे लोकांचा अंदाज चुकला, एवढंच त्यातून कळतं. त्या रात्रीचा टायसन तयारीनिशी आलेला नव्हता. त्याच्या कॉर्नरकडं (कोपऱ्यात बसणाऱ्या त्याच्या माणसांकडं) सूज दाबायची लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती, रबरी मोज्यात गार पाणी भरून डोळ्यावर धरत होते. तिकडं डग्लस मात्र आयुष्यात एकदाच तसा लढला. जॅब, जॅबमागून उजवा, आणि टायसन आत शिरला की अप्परकट. आठ महिन्यांनी होलिफील्डसमोर तो तिसऱ्या फेरीत गेला. विजय म्हणून मी त्याला पहिल्या दहात नक्की ठेवतो, पहिल्या तिनात नाही.

चिकोडी_एक्सप्रेस

पटलं नाही. तयारी करून न येणं ही टायसनची जबाबदारी. त्याचं उणं डग्लसच्या खात्यात का? आखाड्यात कमी दमाचा पैलवान हरला तर त्याचा दम कमी होता म्हणून निकाल बदलतो काय?

शहापूरकर

निकाल बदलत नाही. इनामही जिंकणाऱ्यालाच मिळतं. पण 'कुणाला पाडलं' या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

हिंडलगा_रोड

हुक्केरीचा एक कन्नड मित्र आहे, बॉक्सिंगचा माझ्यापेक्षा मोठा भक्त. त्याला हा धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, मार्सियानोला तुम्ही फक्त आकड्यांत गुंडाळलंत. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया, जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत मार्सियानो कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर मागं. त्याला नॉकआउटशिवाय पर्याय उरला नव्हता हे त्यालाही माहीत होतं. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोराकडं सरकला, दोघांनी एकाच वेळी उजवा हात काढला, मार्सियानोचा आधी पोचला. फार छोटा ठोसा, अर्ध्या हाताचा. वॉलकॉट दोरात अडकून गुडघ्यावर आला.

वॉलकॉट ३८ चा होता म्हणून तुम्ही त्याला कमी धराल. पण बारा फेऱ्या तो चॅम्पियनसारखा लढला. त्या रात्री तो काय होता, हीच तर तुमची अट.

शहापूरकर

हा मुद्दा अगदी बरोबर जागी लागला. वयाचा दाखला बघण्यापेक्षा लढत बघावी, हे मला मान्य. त्या रात्रीचा वॉलकॉट उत्तम होता. मार्सियानो-वॉलकॉट माझ्या पहिल्या पाचात.

अश्विनी_खानापूर

मग आता खरा अवघड प्रश्न. फोरमन विरुद्ध मायकेल मूरर, ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. फोरमन ४५ वर्षांचा. मूरर २६ चा, ३५-०, त्याच वर्षी होलिफील्डला हरवलेला. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही जजांकडं मूरर पुढं. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा हात, मूरर आडवा. किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी फोरमननं घातली होती, वीस वर्षांनी.

तुमच्या अटीनं मूरर काही तरुण फोरमन नाही, फ्रेझरही नाही. मग हा विजय खाली जाणार. पण जिंकणारा स्वतः कुठल्या अवस्थेत होता हे आपण धरायचंच नाही का? सगळे अलीच्या ३२ वर्षांचं कौतुक करतात, मग फोरमनची ४५ वर्षं कुठं गेली?

शहापूरकर

ताई, यावर दोन दिवस विचार केला. जिंकणाऱ्याची अवस्था धरली पाहिजे, पण ती दुसऱ्या पायरीवर. आधी समोरचा काय होता ते ठरवायचं. दोन विजय तिथं बरोबरीत आले, तर मग जिंकणारा किती अडचणीतून आला ते बघायचं. नाहीतर प्रत्येक म्हाताऱ्याचा विजय तरुणाच्या विजयाच्या वर जाईल, आणि भरातल्या माणसाला भरात असल्याची शिक्षा होईल.

फोरमननं जे केलं त्यात एक गोष्ट लोक विसरतात. तो पूर्वीसारखा धावून मारायला गेला नाही. नऊ फेऱ्या सावकाश जॅब मारत, मूररला आपल्या उजव्या हातासमोर उभं राहायची सवय लावत राहिला. मूररचा कॉर्नर त्याला तिथून हल म्हणून सांगत होता. तो हलला नाही. फार शहाणा विजय आहे तो. सहावा क्रमांक देतो.

निपाणीकर

आता मी तुमच्याच अटीनं तुम्हाला विचारतो अण्णा. फ्रेझरचा अलीवरचा विजय दुसऱ्यावर कसा? अली साडेतीन वर्षं रिंगबाहेर होता. सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये लायसन्स काढून घेतलं, १९७० च्या ऑक्टोबरात परतला. मधली त्याची सगळ्यात चांगली वर्षं गेली. म्हणजे फ्रेझरनं गंज चढलेल्या अलीला हरवलं.

शहापूरकर

लाखमोलाचा प्रश्न. साडेतीन वर्षांनी पाय गेले, हे खरं. पण परतल्यावर अलीनं आधी क्वारीला आणि मग बोनाव्हेनाला हरवलं होतं, बोनाव्हेनाला तर पंधराव्या फेरीत. म्हणजे दम आला होता. ८ मार्चच्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघंही अपराजित, अली ३१-०, फ्रेझर २६-०. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर, तोवर कधी न ऐकलेली रक्कम. त्या रात्री अली ज्या वेगानं ठोसे मारत होता, तो वेग त्या काळात दुसरा कुठलाच हेवीवेट झेलू शकला नसता. फ्रेझरनं झेलला. खाली वाकून, डोकं सतत हलवत, बरगड्यांवर मारत तो आत शिरत राहिला. अकराव्या फेरीत अली डगमगला. पंधराव्या फेरीत डाव्या हुकनं (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं) अली पाठीवर पडला. तो हुक फ्रेझरनं इतका खालून आणला होता की अलीच्या डोळ्यांना तो दिसेपर्यंत उशीर झाला. एवढं होऊनही अली लगेच उठून उभा राहिला आणि फेरी पुरी केली. समोरचा काय माणूस होता ते त्या उठण्यावरूनच कळतं. निकाल एकमतानं फ्रेझरकडं. नंतर फ्रेझरला हॉस्पिटलात राहावं लागलं.

गंज चढलेला अली असा नसतो.

सुभेदार_निवृत्त

यावर मी शहापूरकरांच्या बाजूनं. आणि थोडं विषयांतर करतो. १९८० मध्ये अली भारतात आला तेव्हा दिल्लीत आपल्या फौजेतला कौर सिंग त्याच्यासमोर प्रदर्शनीय लढतीत उतरला होता. हेवीवेट. दोनच वर्षांनी, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक घेतलं. हेवीवेटची चर्चा असेल तिथं त्याचं नाव यायला पाहिजे.

कंग्राळीचा_पोरगा

साहेब, हे माहीत नव्हतं. आजच शोधून वाचतो.

होलिफील्डचं कुणीच काढलं नाही. १९९६ चा टायसन की १९९३ चा रिडिक बो?

अश्विनी_खानापूर

बो. निःसंशय बो. टायसनवरचा विजय गाजला, कारण समोर टायसन होता. पण १९९६ चा टायसन तुरुंगातून बाहेर येऊन सोपे जोड घेत आलेला. बो मात्र त्या रात्री ३४-०, होलिफील्डपेक्षा उंच आणि बराच जड, वर्षभरापूर्वी त्यालाच हरवलेला. कारकिर्दीत बो हरला तो एवढ्याच एका लढतीत. सातव्या फेरीत एक माणूस पॅराशूट आणि पंखा घेऊन थेट रिंगच्या दोरांवर येऊन पडला, लढत वीसेक मिनिटं थांबली. अंग गार पडल्यावर पुन्हा तोच जोर लावणं सोपं नसतं. होलिफील्डनं पहिल्या लढतीत बोशी समोरासमोर देवाणघेवाण केली आणि हरला. दुसऱ्यात ठोसे मारून बाजूला सरकत राहिला. सुभेदारसाहेब लुईसच्या डाव्या हाताबद्दल जे म्हणाले, तसंच हे.

शहापूरकर

बोवरचा विजय मान्य. मग आजची माझी यादी अशी: अली-फोरमन, फ्रेझर-अली, होम्स-नॉर्टन, लुईस-श्मेलिंग, मार्सियानो-वॉलकॉट, फोरमन-मूरर, होलिफील्ड-बो, उसिक-फ्युरी, डग्लस-टायसन. होम्सला मी लुईसच्या वर नेलं, कारण त्या रात्रीचा नॉर्टन त्या रात्रीच्या श्मेलिंगपेक्षा भारी होता.

दहावी जागा मोकळी आहे. लेनॉक्स लुईसचा २००३ चा विटाली क्लिचकोवरचा विजय तिथं घ्यावा असं वाटतंय, पण लढत थांबली ती विटालीच्या डोळ्यावरच्या जखमेमुळं, आणि सहा फेऱ्यांनंतर तिन्ही जजांकडं विटाली पुढं होता. दुसरा पर्याय जोशुआ-व्लादिमीर क्लिचको (विटालीचा भाऊ), २०१७, वेम्बली. जोशुआ सहाव्या फेरीत खाली गेला आणि अकराव्या फेरीत जिंकला, पण व्लादिमीर ४१ चा आणि दीड वर्ष रिंगबाहेर. दोन्हींची बाजू मांडणारं कुणी आहे का?

हिंडलगा_रोड

लेनॉक्सची मी मांडतो. जखम आपोआप झाली नव्हती, तिसऱ्या फेरीतल्या लेनॉक्सच्या उजव्या हातानं झाली होती. त्यानंतर तो त्याच जागेवर मारत राहिला. सहाव्या फेरीत त्याचा अप्परकट लागला तेव्हा लढतीचं पारडं फिरायला लागलं होतं. लेनॉक्स तेव्हा ३७ चा, वजन वाढलेलं, तयारी अपुरी. विटाली ऐन भरात. डॉक्टरनं थांबवली म्हणून ती कमी होत नाही. दहावी जागा लेनॉक्सची.